बोअर युद्धास ब्रिटनमधील विरोध

दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सव्हाल व ऑरेंज फ्री स्टेट या दोन बोअर प्रजासत्ताकांविरुद्ध ब्रिटनने केलेल्या दुसऱ्या बोअर युद्धाच्या (११ ऑक्टोबर १८९९–३१ मे १९०२) काळात खुद्द ब्रिटनमध्ये त्या युद्धाविरुद्ध उभी राहिलेली चळवळ. आरंभी ही चळवळ काही संसदसदस्य, पत्रकार, धर्मोपदेशक व समाजवादी यांच्यापुरती मर्यादित होती आणि तिच्या पुरस्कर्त्यांना ‘बोअरधार्जिणे’ म्हणून हिणविण्यात येई. पुढे युद्ध लांबले, त्याचा खर्च वाढला आणि बोअर स्त्रिया व मुले यांच्या छावण्यांतील मृत्यूंची माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा युद्धाविषयीचे लोकमत पालटू लागले. युद्ध न्याय्य की अन्याय्य या प्रश्नावर हा पालट झाला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. युद्धाच्या कारणांविषयी विरोधकांनी केलेला युक्तिवाद बहुसंख्य ब्रिटिश नागरिकांनी अखेरपर्यंत मान्य केला नाही. युद्ध ज्या रीतीने चालविले जात होते, तिच्याविषयी मात्र त्यांचे मन साशंक झाले.

युद्धाची बीजे १८८६ मध्ये ट्रान्सव्हालमधील विटवॉटर्सरँड येथे सापडलेल्या सोन्यात होती. खाणींमुळे तेथे परदेशीयांची, विशेषतः ब्रिटिशांची, मोठी वस्ती झाली. क्रूगरच्या शासनाने त्यांच्या मताधिकारावर कडक अटी घातल्या. डिसेंबर १८९५ अखेरचा जेमसनचा फसलेला हल्ला आणि त्यात सेसिल ऱ्होड्सचा उघडकीस आलेला हात यांमुळे दोन्ही पक्षांतील अविश्वास वाढला. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलिन व उच्चायुक्त आल्फ्रेड मिल्नर यांनी मताधिकाराचा प्रश्न लावून धरला. ब्लूमफाँटेन येथील वाटाघाटी जून १८९९ मध्ये फिसकटल्या. ऑक्टोबरात बोअरांनीच निर्वाणीचा खलिता धाडून युद्धास तोंड फोडले. हा खलिता ब्रिटिश सरकारच्या पथ्यावरच पडला. कारण आक्रमक कोण, हे मायदेशी पटवून देण्याची अडचण त्यामुळे उरली नाही.

विरोधाचे पहिले संघटित रूप म्हणजे नोव्हेंबर १८९९ मध्ये स्थापन झालेली दक्षिण आफ्रिका सलोखा समिती. तिचा अध्यक्ष लेनर्ड कोर्टनी हा सरकार पक्षाच्याच बाजूचा एक ज्येष्ठ संसदसदस्य होता. समितीची भाषा संयत असून वाटाघाटींनी तडजोड व्हावी एवढेच तिचे म्हणणे होते. याहून जहाल अशी ‘युद्ध थांबवा’ समिती जानेवारी १९०० मध्ये पुढे आली. बाप्टिस्ट धर्मोपदेशक जॉन क्लिफर्ड हा तिचा अध्यक्ष, तर प्रख्यात पत्रकार विल्यम टॉमस स्टेड हा तिचा खरा चालक होता. स्टेड पूर्वी ऱ्होड्सचा चाहता होता आणि मिल्नरने एके काळी त्याच्याच हाताखाली वृत्तपत्रात काम केले होते; साम्राज्याचा अभिमानही त्याने सोडलेला नव्हता. हे युद्ध साम्राज्याला कलंक लावीत आहे, असा त्याचा आक्षेप असल्यामुळे त्याच्या लिखाणास एक निराळीच धार आली. आयरिश राष्ट्रवाद्यांचा विरोध मात्र मुळातूनच होता. बोअरांच्या लढ्यात त्यांना आपल्याच पारतंत्र्याचे प्रतिबिंब दिसे. त्यांच्यापैकी मायकेल डेव्हिट याने ऑक्टोबर १८९९ मध्ये निषेध म्हणून कॉमन्स सभागृहाचे सदस्यत्व सोडले.

वृत्तपत्रांपैकी बहुतेक युद्धाच्या बाजूची होती. ‘डेली क्रॉनिकल’चा संपादक मॅसिंगॅम यास युद्धविरोधी भूमिकेमुळे १८९९ मध्येच ते पद सोडावे लागले. चार्ल्स प्रेस्टविच स्कॉट याच्या संपादकत्वाखालील ‘मँचेस्टर गार्डियन’ने मात्र आपला विरोध सोडला नाही, परिणामी स्कॉटच्या घराला व वृत्तपत्राच्या कचेरीला पोलिसांचे संरक्षण द्यावे लागले. या पत्राने १८९९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन ॲटकिन्सन हॉब्सन यास वार्ताहर म्हणून दक्षिण आफ्रिकेत पाठविले होते. मताधिकाराचा प्रश्न हे केवळ निमित्त असून युद्धामागे खाणमालकांचे व भांडवलदारांचे हितसंबंध आहेत, असा निष्कर्ष त्याने काढला आणि त्यातूनच पुढे १९०२ मध्ये ‘इंपीरियॅलिझम’ हा त्याचा सुप्रसिद्ध ग्रंथ सिद्ध झाला. या विवेचनास एक गालबोट आहे. खाणमालकांवर टीका करताना हॉब्सनने ज्यू भांडवलदारांचा वारंवार वेगळा उल्लेख केला. विरोधी पक्षातील इतर अनेकांच्या भाषणांतही ज्यूद्वेषाचा हाच सूर आढळतो. समाजवाद्यांतही एकमत नव्हते. फेबियन सोसायटीने युद्धाविषयी मौन पाळण्याचे ठरविले, तेव्हा रॅम्झी मॅक्डॉनल्ड व एमेलीन पँकहर्स्ट यांनी तिचे सदस्यत्व सोडले.

डिसेंबर १८९९ मधील एकाच आठवड्यात स्टॉर्मबर्ग, मॅगर्सफाँटेन व कोलेन्सो येथे ब्रिटिश सैन्याचा लागोपाठ पराभव झाला. पराभवामुळे विरोध बळावेल अशी अपेक्षा करावी, तर घडले ते उलटच. स्वयंसेवकांची रीघ लागली आणि युद्धविरोधी सभा उधळून लावणे हे देशभक्तीचे लक्षण मानले जाऊ लागले. ऑलिव्ह श्रायनर या लेखिकेचा पती क्रॉनराइट श्रायनर हा १९०० च्या पूर्वार्धात शांततेच्या प्रचारासाठी इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये हिंडत होता. त्याच्या बहुतेक सभा मोडल्या गेल्या आणि स्कारबरो येथे तर दंगल होऊन युद्धविरोधकांच्या मालमत्तेची नासधूस झाली. या दौऱ्याची हकीकत त्याने पुढे पुस्तकरूपाने लिहिली व तिला ‘भाषणस्वातंत्र्याचा देश’ अशा अर्थाचे उपरोधिक नाव दिले. एप्रिल १९०० मध्ये बँगोर येथे, म्हणजे स्वतःच्याच मतदारसंघात, डेव्हिड लॉइड जॉर्ज याच्या डोक्यावर दंडुक्याचा प्रहार झाला. मे महिन्यात मॅफकिंगचा वेढा उठल्याची वार्ता लंडनला पोहोचली, तेव्हा रस्त्यांवर जो जल्लोष झाला, त्यावरून इंग्रजी भाषेत एक नवे क्रियापदच रूढ झाले.

प्रिटोरिया ५ जून १९०० रोजी पडली आणि युद्ध संपल्यात जमा आहे असे सर्वांस वाटले. या विजयाच्या लाटेवर सरकारने सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये निवडणुका घेतल्या. सैनिकांच्या गणवेशावरून ‘खाकी निवडणूक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निवडणुकीत सरकार पक्षाला ४०० हून अधिक जागा मिळाल्या. मात्र लॉइड जॉर्ज आपली जागा अधिक मताधिक्याने राखू शकला आणि युद्धाचा कट्टर विरोधक केअर हार्डी हा मजूर प्रतिनिधी मर्थर टिडव्हिल येथून निवडून आला. युद्धज्वर सर्व समाजात सारखाच पसरला होता, हे मत त्यामुळे तपासून पाहावे लागते. रिचर्ड प्राइस या इतिहासकाराने १९७२ मध्ये असे दाखवून दिले, की कामगारवर्गाला युद्धापेक्षा वेतन, घरे व रोजगार यांची चिंता अधिक होती. सभा मोडणाऱ्या जमावात कारकून व कनिष्ठ मध्यमवर्गातील तरुणांचाच भरणा मोठा असे.

प्रिटोरिया पडली, तरी युद्ध संपले नाही. बोथा, दे वेट, दे ला रे इ. सेनानींनी गनिमी काव्याचा अवलंब केला. लहान लहान घोडदळ टोळ्यांनी रेल्वेमार्ग उखडावे, तांडे लुटावे आणि वाटेतील शेतघरांतून रसद घेऊन पसार व्हावे, असा त्यांचा क्रम होता. म्हणून ही शेतघरेच नाहीशी करण्याचे धोरण रॉबर्ट्सने आरंभिले आणि नोव्हेंबर १९०० मध्ये सरसेनापती झालेल्या किचनरने ते पद्धतशीरपणे राबविले. सु. ३०,००० शेतघरे जाळण्यात आली, उभी पिके व गुरेढोरे नष्ट करण्यात आली आणि सु. ८,००० लहान ठाणी व काटेरी तारांची कुंपणे घालून सारा मुलूख चौकटींत विभागण्यात आला. पकडलेल्या बोअर सैनिकांना सेंट हेलीना, बर्म्यूडा, श्रीलंका व भारत येथे पाठविले जाई. भारतातील त्यांच्या बंदिवासाच्या ठिकाणांत अहमदनगरचाही (सध्याचे अहिल्यानगर) समावेश होता. बेघर झालेल्या बायकामुलांना रेल्वेमार्गालगतच्या तंबूंच्या छावण्यांत ठेवण्यात आले. सरकारी भाषेत या ‘आश्रयछावण्या’ होत्या. कॉमन्स सभागृहात मार्च १९०१ मध्ये स्कॉट व जॉन एलिस या सदस्यांनी त्यांना ‘कॉन्सेंट्रेशन कॅम्प’ म्हटले. क्यूबात स्पेनने काही वर्षांपूर्वी अवलंबिलेल्या अशाच उपायावरून घेतलेला हा शब्द विसाव्या शतकात पुढे किती भयंकर अर्थाने वापरला जाणार होता, याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती.

युद्धाची झळ आता मायदेशातील लोकांच्या खिशालाही लागू लागली. प्राप्तिकर १८९९ मध्ये पौंडामागे ८ पेन्स होता, तो १९०१ मध्ये १ शिलिंग २ पेन्स झाला. त्याच वर्षी साखरेवर कर बसला. संपले म्हणून जाहीर झालेले युद्ध चालूच राहते आणि त्याचे बिल मात्र दरसाल वाढते, हे पाहून युद्धाच्या समर्थकांतही कुरकुर सुरू झाली. तथापि कुरकुरीचे रूपांतर नैतिक अस्वस्थतेत केले ते एमिली हॉबहाऊस (१८६०–१९२६) हिने.

कॉर्नवॉलमधील एका धर्माधिकाऱ्याची ही मुलगी सलोखा समितीच्या महिला शाखेचे काम पाहत असे. तिचा भाऊ लेनर्ड हा ‘मँचेस्टर गार्डियन’च्या संपादकीय वर्गात होता. बोअर स्त्रिया व मुले यांच्यासाठी मदतनिधी उभारून ती डिसेंबर १९०० अखेर केपटाऊनला पोहोचली. मिल्नरने तिला परवानगी दिली, पण किचनरने ब्लूमफाँटेनच्या पुढे जाण्यास मनाई केली. जानेवारी १९०१ मध्ये ब्लूमफाँटेनच्या छावणीत तिने जे पाहिले, ते तिने कोणताही अलंकार न चढविता नोंदविले : उन्हाने तापणाऱ्या एकेका तंबूत कोंबलेली कुटुंबे, अपुरे व दूषित पाणी, सरपणाचा तुटवडा, साबणाचा संपूर्ण अभाव. आजारी मुलांना दूध नव्हते आणि अनेकांना जमिनीवरच झोपावे लागे. ज्या कुटुंबांतील पुरुष अद्याप लढत होते, त्यांना कमी शिधा देण्याची पद्धत होती. संसदेत ओरड झाल्यावर मार्च १९०१ च्या सुमारास ही पद्धत बंद झाली आणि विरोधकांच्या पदरात पहिले ठोस यश पडले. इतर छावण्या पाहून एप्रिलमध्ये ती ब्लूमफाँटेनला परतली, तेव्हा तेथील वस्ती जवळजवळ दुप्पट झालेली होती. त्यापूर्वी केलेल्या थोड्याफार सुधारणा या नव्या लोंढ्यात वाहून गेल्या होत्या. मुलूख उजाड करण्याचे धोरण जोवर बदलत नाही, तोवर कपडे व साबण वाटून काहीही साधणार नाही, अशी खात्री पटून तिने मे महिन्यात इंग्लंड गाठले.

तिचा अहवाल जून १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. युद्धमंत्री ब्रॉड्रिक याने तिचे म्हणणे सभ्यपणे ऐकून घेतले, एवढेच. उदारमतवादी पक्षाचा नेता हेन्री कॅम्बेल-बॅनरमन याच्यावर मात्र तिच्या भेटीचा खोल परिणाम झाला. त्याचा पक्ष तेव्हा दुभंगलेला होता : अ‍ॅस्क्विथ, ग्रे व हॉल्डेन हे साम्राज्यवादी एका बाजूला, तर मॉर्ली व लॉइड जॉर्ज हे युद्धविरोधक दुसऱ्या बाजूला. आतापर्यंत त्याने दोघांनाही सांभाळीत मध्यम मार्ग धरला होता. हॉबहाऊसच्या भेटीनंतर लगेचच, १४ जून १९०१ रोजी, लंडनमधील एका भोजनसमारंभात त्याने दक्षिण आफ्रिकेतील युद्ध रानटी पद्धतींनी चालविले जात आहे, असे जाहीरपणे सांगितले. या उद्‌गारांवर गहजब उडाला. सैन्याचा अपमान केल्याचा आरोप त्याच्यावर झाला व पक्षातील साम्राज्यवाद्यांनी आपली नाराजी व्यक्त करण्यासाठी वेगळे भोजनसमारंभ भरविले. परंतु यापूर्वी जे आक्षेप ‘बोअरधार्जिण्यां’च्या तोंडचे म्हणून झटकून टाकले जात, ते आता विरोधी पक्षाच्या अधिकृत नेत्याच्या मुखातून आले होते. त्याच वर्षाच्या आरंभी लॉइड जॉर्जच्या खटपटीने व जॉर्ज कॅडबरीच्या पैशाने ‘डेली न्यूज’ हे लंडनचे दैनिक विकत घेण्यात आले होते. त्यामुळे राजधानीतही विरोधकांना व्यासपीठ मिळाले.

आता छावण्यांतील मृत्यूंचे आकडे दरमहा बाहेर येऊ लागले. प्रतिपक्षाच्या वक्तृत्वापेक्षा सरकारी आकड्यांनीच सरकारची अधिक अडचण केली. गोवर, आमांश, विषमज्वर व न्यूमोनिया यांनी मुले मरत होती. ऑक्टोबर १९०१ या एका महिन्यात गोऱ्यांच्या छावण्यांत ३,००० हून अधिक मृत्यू झाले. मृत्यूचे वार्षिक प्रमाण तेव्हा दर हजारी ३४४ होते. जुलैमध्ये सरकारने मिलिसंट फॉसेट हिच्या अध्यक्षतेखाली महिलांचे एक चौकशी मंडळ नेमले. हॉबहाऊसला त्यातून कटाक्षाने वगळण्यात आले. फॉसेट स्वतः युद्धाची समर्थक होती आणि मंडळाच्या अहवालात बोअर मातांच्या घरगुती उपचारांवर बरेच ताशेरे आढळतात. असे असूनही पाणी, शिधा, सरपण व परिचारिका यांविषयी हॉबहाऊसने जे सांगितले होते, त्याला या अहवालाने सर्वस्वी दुजोरा दिला. ऑक्टोबर अखेर हॉबहाऊस पुन्हा केपटाऊनला गेली, तेव्हा तिला जहाजावरून उतरू दिले नाही. तिने परत जाण्यास नकार देताच तिला अक्षरशः उचलून दुसऱ्या जहाजावर चढविण्यात आले.

नोव्हेंबर १९०१ पासून छावण्यांचा कारभार लष्कराकडून मुलकी अधिकाऱ्यांकडे गेला. भारतात दुष्काळ व प्लेग यांच्या छावण्या चालविण्याचा अनुभव असलेले अधिकारीही बोलावून घेण्यात आले. मुंबई इलाख्यात ज्या प्लेग छावण्यांविषयी लोकांत तीव्र असंतोष होता, त्यांचा अनुभव येथे सुधारणेसाठी उपयोगी पडावा, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. फेब्रुवारी १९०२ मध्ये मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६९ वर आले आणि पुढे सु. २० पर्यंत घटले. ज्या उपायांनी ते घटले, त्यांत अवघड असे काहीच नव्हते; यावरून आधीच्या मृत्यूंची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट होते. एकूण सु. २८,००० बोअर या छावण्यांत मरण पावले. त्यांपैकी सु. २२,००० सोळा वर्षांखालील मुले होती. संपूर्ण युद्धात ब्रिटनच्या बाजूने सु. २२,००० सैनिक मृत्यू पावले. त्यांतही रोगाने मेलेल्यांची संख्या लढाईत पडलेल्यांहून अधिक होती.

या काळात विरोध सार्वत्रिक झाला, असे मात्र नव्हे. १८ डिसेंबर १९०१ रोजी बर्मिंगहॅम या चेंबरलिनच्या बालेकिल्ल्यात लॉइड जॉर्जची सभा होती. हजारोंच्या जमावाने नगरसभागृहावर दगडफेक केली, आत घुसून व्यासपीठाचा ताबा घेतला. लॉइड जॉर्जला पोलिसाचा वेश करून निसटावे लागले व दंगलीत जीवितहानीही झाली. पण त्याच आठवड्यात साम्राज्यवाद्यांचा पुढारी लॉर्ड रोझबरी याने चेस्टरफील्ड येथे वाटाघाटींनी शांतता प्रस्थापित करण्याचा पुरस्कार केला. बिनशर्त शरणागतीचा आग्रह धरणारे आता कमी होत चालले होते.

या चळवळीच्या सहानुभूतीला एक मर्यादा होती. कृष्णवर्णीय आफ्रिकी शेतमजूर व त्यांची कुटुंबे यांनाही त्यांच्या वस्त्या उद्ध्वस्त करून स्वतंत्र छावण्यांत ठेवण्यात आले होते. त्यांची संख्या अखेरीस एक लाखावर गेली. पुरुषांना लष्करासाठी मजुरी करावी लागे, शिधाही बव्हंशी विकत घ्यावा लागे. तेथील नोंदलेले मृत्यूच १४,००० हून अधिक असून प्रत्यक्ष आकडा २०,००० किंवा त्याहून जास्त असावा, असे नंतरच्या संशोधनावरून दिसते. हॉबहाऊसने आपल्या अहवालात या छावण्यांकडे लक्ष वेधले होते. परंतु फॉसेट मंडळ तेथे फिरकले नाही व संसदेतील चर्चाही त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचली. मार्च १९०१ मधील वाटाघाटींच्या वेळी, आफ्रिकींना युद्धापूर्वीच्याच स्थितीत ठेवून शांतता विकत घेता येणार नाही, असे चेंबरलिनने बजावले होते. ३१ मे १९०२ रोजी प्रिटोरियात सह्या झालेल्या फेरीनिकिंगच्या तहाच्या आठव्या कलमाने आफ्रिकींच्या मताधिकाराचा प्रश्न बोअरांना स्वराज्य मिळेपर्यंत लांबणीवर टाकला. स्वराज्य मिळाल्यावर त्याचे उत्तर काय येणार, हे उघड होते. तरीही शांततेसाठी आसुसलेल्या युद्धविरोधकांनी या कलमाविरुद्ध फारसा आवाज उठविला नाही.

भारतीयांचा अनुभव याहून फारसा निराळा नव्हता. बोअर राजवटीत भारतीयांना मिळणारी वागणूक हे युद्धाच्या समर्थनार्थ दिलेल्या कारणांपैकी एक होते. महात्मा गांधींची वैयक्तिक सहानुभूती बोअरांकडे असूनही प्रजाजनाचे कर्तव्य म्हणून त्यांनी सु. १,१०० भारतीयांचे रुग्णवाहक पथक उभारले होते. युद्धानंतर ब्रिटिश अंमलाखालील ट्रान्सव्हालमध्ये भारतीयांवरील निर्बंध सैल होण्याऐवजी कडक झाले आणि १९०६ च्या आशियाई वटहुकुमाविरुद्धच सत्याग्रहाचा जन्म झाला.

ब्रिटनमध्ये युद्धाचे पडसाद आणखी काही वर्षे उमटत राहिले. १९०४ पासून खाणींसाठी चिनी मजूर वेठबिगारीसारख्या अटींवर आणण्यात आले, तेव्हा या युद्धात रक्त व पैसा कशासाठी खर्ची घातला, असा प्रश्न कामगारवर्ग विचारू लागला. १९०६ च्या निवडणुकीत कॅम्बेल-बॅनरमनच्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले आणि त्याच्या शासनाने ट्रान्सव्हालला त्याच वर्षी, तर ऑरेंज रिव्हर वसाहतीला १९०७ मध्ये स्वराज्य दिले. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिका संघराज्य अस्तित्वात आले. त्याच्या संसदेत केवळ गोऱ्यांनाच बसता येत असे. १९१३ च्या भूमी अधिनियमाने आफ्रिकींना देशातील बहुतांश जमीन खरेदी करण्यास बंदी घातली.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला ब्लूमफाँटेन येथे छावण्यांत मेलेल्या स्त्रिया व मुले यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्यासाठी निमंत्रित केलेली हॉबहाऊस वाटेत आजारी पडल्यामुळे तिचे भाषण दुसऱ्याकडून वाचून दाखविण्यात आले. स्वतःसाठी हवे असलेले स्वातंत्र्य इतरांना नाकारू नका, असे तिने त्यात बोअरांना विनविले होते आणि कृष्णवर्णीयांच्या मृत्यूंचीही आठवण करून दिली होती. पुढील काही आठवड्यांत गांधीजी व स्मट्स यांच्यातील समझोत्यासाठीही तिने मध्यस्थी केली. १९२६ मध्ये तिच्या अस्थी याच स्मारकात ठेवण्यात आल्या. वर्णविद्वेषी राजवटीच्या काळात, १९६३ साली, तिचे ते भाषण पुन्हा छापण्यात आले, तेव्हा आफ्रिकींविषयीचा मजकूर त्यातून गाळलेला होता. अलीकडे ‘बोअर युद्ध’ हे नाव टाकून ‘दक्षिण आफ्रिकी युद्ध’ असे म्हणण्याकडे अभ्यासकांचा कल दिसतो.